सायकल

सायकल म्हणजे चालवणाऱ्याच्या पायांच्या बळावर चालणारे, एकामागे एक अशी दोन चाके असलेले वाहन. तिचा एकच एक शोधक सांगता येत नाही. १८१७ ते १८८८ या सुमारे सत्तर वर्षांत जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन येथील कारागिरांनी एकमेकांच्या कामातील उणिवा दूर करत तिला आजचे रूप दिले.

जर्मनीतील बाडेन संस्थानातील वन-अधिकारी कार्ल फोन ड्राइस याने १२ जून १८१७ रोजी मान्हाइम येथून एक लाकडी दुचाकी चालवत नेली आणि जाऊनयेऊन तेरा-चौदा किलोमीटरचे अंतर तासाभराच्या आत कापले. सुमारे २२ किलो वजनाच्या या यंत्राला पायडल नव्हते. चालवणारा त्यावर बसून पायांनी जमीन मागे रेटत असे. १८१५ मधील इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर युरोपात पिके बुडाली, दाणावैरणीच्या टंचाईने घोडे मेले आणि म्हणून घोड्याविना चालणाऱ्या वाहनाचा विचार सुरू झाला, असे काही अभ्यासक म्हणतात. हे पटण्याजोगे असले तरी अनुमानच आहे. ड्राइसचे खरे श्रेय वेगळे आहे: ज्या बाजूला तोल जातो त्याच बाजूला पुढचे चाक वळवले की दोन चाकांवरही माणूस पडत नाही, हे त्याने रस्त्यावर दाखवून दिले.

पायडल आले ते १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये. त्याचे श्रेय प्येर मिशो याला द्यावे की प्येर लालमां याला, हा वाद अजून मिटलेला नाही. १८६६ चे अमेरिकन पेटंट मात्र लालमांच्या नावावर आहे. हे पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेले असल्याने पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. वेग वाढवायचा तर चाक मोठे करणे एवढाच मार्ग उरला, आणि त्यातून पुढे दीड मीटर व्यासाचे आणि मागे चिमुकले चाक असलेली उंच सायकल निर्माण झाली. चाक किती मोठे घ्यायचे हे चालवणाऱ्याच्या पायांच्या लांबीवर ठरे, आणि पुढचे चाक दगडाला अडले की चालवणारा तोंडघशी पडे.

तरीही याच सायकलीने पुढील सर्व सायकलींना तारेच्या आऱ्यांचे हलके चाक दिले. बैलगाडीच्या चाकात लाकडी आरे भार दाबाने पेलतात. सायकलीच्या तारा दाबाखाली वाकतील, म्हणून त्या आधीच ताणून बसवलेल्या असतात. पॅरिसच्या यूजेन मेयर याने १८६९ मध्ये असे चाक बनवले, आणि १८७४ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली याने आरे तिरपे, एकमेकांना छेदणारे बसवून पायडलाचा पीळ सोसण्याची ताकद चाकात आणली. आजही सायकलच्या दुकानात चाकाचा ‘आऊट’ (वाकडेपणा) काढताना कारागीर चाक फिरवतो, रिमजवळ खडू धरतो आणि जिथे खुणा उमटतात तिथल्या तारा चावीने पाव-पाव फेरा कसतो किंवा सैल करतो. त्याच्या बोटांखालचा तो ताण दीडशे वर्षांपूर्वीचाच आहे.

खरी क्रांती १८८५ मध्ये झाली. जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. जवळपास सारख्या आकाराची दोन चाके, त्यांच्यामध्ये बसण्याची जागा आणि साखळीने फिरणारे मागचे चाक अशी तिची रचना होती. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये तयार केलेल्या मजबूत साखळीमुळे अशी रचना भरवशाची झाली. पुढे ४४ दात आणि मागे २२ दात असतील तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोनदा फिरते. म्हणजे वेगासाठी चाक उंच करण्याची गरजच संपली. या लहान चाकांना रस्त्याचे हादरे अधिक बसत, पण १८८७-८८ मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलप याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेले रबरी टायर बनवले आणि तीही तक्रार उरली नाही. रॉबर्ट थॉमसन याने अशाच टायरचे पेटंट १८४५ मध्येच घेतले होते. तेव्हा त्याला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही; पायडलची सायकल तर अजून जन्मायचीच होती.

पायडल थांबवूनही चाक फिरू देणारे फ्रीव्हील शतकाअखेरीस रूढ झाले. गिअरला मात्र शर्यतवाल्यांनी दीर्घकाळ दाद दिली नाही: १९०३ मध्ये सुरू झालेल्या तूर द फ्रान्समध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला परवानगी मिळायला १९३७ उजाडले. युरोप-अमेरिकेतील स्त्रियांना सायकलीने एकटीने घराबाहेर पडण्याची मुभा आणि सुटसुटीत कपडे दिले, आणि हा परिणाम कोणत्याही तांत्रिक सुधारणेहून मोठा मानला पाहिजे.

मुंबईहून १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा करून १९२८ मध्ये परतले. पुणे तर कित्येक दशके सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले गेले. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने, सायकल-कर भरल्याचा नगरपालिकेचा बिल्ला आणि रात्री दिव्याविना किंवा डबलसीट जाताना पोलिसांची वाटणारी धास्ती जुन्या पुणेकरांच्या आठवणीत आहे. शाळकरी मुले मोठ्यांच्या काळ्या सायकलीच्या आडव्या नळीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारत शिकत. तिच्या सांगाड्याची आखणी थेट १८८५ च्या रोव्हरपासून चालत आलेली होती.