संमोहनाच्या खुर्चीत बसण्याआधी

‘संमोहनातून जागच आली नाही तर?’ विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. या बाबतीत निर्धास्त राहा. संमोहित माणूस झोपलेला नसतो. सूचना देणारा मध्येच उठून निघून गेला, तरी तो थोड्या वेळाने आपोआप डोळे उघडतो, किंवा त्याला साधी झोप लागते आणि मग तो उठतो. हा गैरसमज नावातूनच आला. जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८४०च्या दशकात ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला, तो झोपेसाठीच्या ग्रीक शब्दावरून. पुढे त्याला स्वतःलाच तो खटकू लागला. एकाच कल्पनेवर खिळलेलं मन, अशा अर्थाचं दुसरं नाव त्याने सुचवलं, पण तोवर पहिलं लोकांच्या तोंडी बसलं होतं.

ब्रेडचं दुसरं नाव जास्त खरं होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५९मध्ये तयार झालेल्या चाचणीतला एक भाग पाहा. डोळे मिटून एक हात समोर सरळ धरायचा. हातात काहीतरी जड आहे असं समजायचं. ते अधिकाधिक जड होत चाललंय, असं समोरचा शांत आवाजात सांगत राहतो. कोणाचा हात जागचा हलत नाही, कोणाचा वीतभर उतरतो, कोणाचा थेट मांडीला टेकतो. ज्याचा टेकला तो म्हणतो, ‘मी नाही नेला, तो आपोआप गेला.’ हे ‘आपोआप’ वाटणं हाच संमोहनाचा गाभा. साधारण १० ते १५ टक्के लोकांना ते फार सहज जमतं, जवळपास तितक्यांना जवळजवळ जमतच नाही, बाकीचे मधले. मोठेपणी ही क्षमता फारशी बदलत नाही. पंचवीस वर्षांनी पुन्हा तपासलेल्या लोकांचे चाचणीतले गुणही आधीच्या गुणांशी बरेचसे जुळले. तेव्हा तुम्हाला संमोहन लागू पडलं नाही, तर त्यात तुमचा हट्ट किंवा तुमच्या मनाचा दुबळेपणा शोधू नका.

मग उपयोग कुठे? आतड्यांच्या एका चिवट दुखण्यात, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये (आयबीएस), पुरावा चांगला आहे. मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनी १९८४मध्ये ३० रुग्णांवर याचा प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्ण पोटावर हात ठेवतो आणि हाताखाली ऊब पसरतेय असं कल्पतो. आतड्यांच्या हालचालीवर आपला ताबा येतोय, अशा सूचना त्याला दिल्या जातात. बारा महिने औषधं घेऊनही गुण न आलेल्यांसाठी कोणते उपचार द्यावेत याचं मार्गदर्शन करणारी ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था आता याचा विचार करायला सांगते. वेदना आणि शस्त्रक्रियेआधीची धास्ती यांतही मदत होते. सिगारेट सोडण्याबाबत मात्र जाहिराती जितक्या मोठ्या, तितका पुरावा नाही.

वेदना कमी होते, म्हणूनच एक धोकाही आहे. पोटात किंवा छातीत का दुखतंय हे डॉक्टरांनी तपासलेलं नसताना ते दुखणं सूचनांनी दाबलं, तर मूळ आजार आत वाढत राहू शकतो. आधी निदान, मग संमोहन. आणि चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मात्र आठवणींची. ‘लहानपणी काय घडलं ते संमोहनात बाहेर काढू,’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. स्मृती ही साठवून ठेवलेली चित्रफीत नसते. आठवताना मेंदू ती दर वेळी नव्याने जुळवतो. संमोहनात कल्पना डोळ्यांपुढे जिवंत उभी राहते आणि तीच आठवण वाटू लागते. भर पडते ती खात्रीत, खरेपणात नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५मध्येच हा इशारा दिला होता. न घडलेल्या गोष्टीवरून माणूस आपल्याच आईवडिलांवर भयंकर आरोप करू लागतो, आणि तो खोटं बोलत नसतो. मागच्या जन्माच्या ‘आठवणी’ही याच वाटेने येतात.

भ्रम होत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील, उन्मादाची अवस्था असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. मोठा आघात सोसलेल्यांनीही त्याच विषयात मुरलेल्या माणसाकडेच जावं. एरवी थोडी डोकेदुखी, गरगरणं, सुस्ती किंवा क्वचित घाबरल्यासारखं होणं, एवढ्यावर निभावतं. संमोहनाच्या सूचनांची ध्वनिफीत ऐकायची तर गाडी चालवताना मुळीच नाही.

माणूस निवडताना माझी कसोटी एकच: संमोहन बाजूला ठेवलं तरी हा माणूस या आजारावर उपचार करायला पात्र आहे का? डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, दंतवैद्य यांच्या हातात संमोहन हे एक जादा साधन असतं. ज्याच्याकडे तेवढंच आहे, त्याला ते कुठे वापरू नये हे कळणं कठीण.

जाणता तज्ज्ञ पहिल्या भेटीत बहुधा विचारण्यातच वेळ घालवतो. पायऱ्या उतरून शांत तळ्यात शिरायची कल्पना एकाला निवांत करते. लहानपणी बुडता बुडता वाचलेल्याच्या छातीत त्यानेच धडधड सुरू होते. अशी गोष्ट असेल तर आधीच सांगा. मध्येच नकोसं वाटलं तर डोळे उघडा आणि ‘थांबू या’ म्हणा. ते संमोहनातही म्हणता येतं.