मॅकवर ई-लर्निंगचे धडे घडवणाऱ्यांची साधने : पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबार या भागात ई-लर्निंगचे धडे तयार करणारे जे मोजके लोक मॅक (ॲपलचा संगणक) वापरतात, त्यांना एक प्रश्न हमखास पडतो. चित्र, ध्वनी आणि व्हिडिओच्या कामात हे यंत्र इतके सरस आहे, तर धडा बांधण्याची बरीच नावाजलेली सॉफ्टवेअर मात्र विंडोजवरच का चालतात? हे नेहमीच असे नव्हते. किंबहुना या साधनांचा जन्मच मॅकवर झाला आहे.

१९८७ साली बिल ॲटकिन्सन यांनी तयार केलेले हायपरकार्ड नव्या मॅकसोबत मोफत मिळू लागले. एका कार्डावरील बटण दाबले की दुसरे कार्ड उघडते, इतक्या साध्या कल्पनेवर ते उभे होते, आणि प्रोग्रामिंग न शिकलेल्या शिक्षकालाही त्यात प्रश्न, उत्तर आणि शाबासकी यांची साखळी रचता येत असे. त्याच सुमारास मायकेल ॲलन यांच्या ऑथरवेअर कंपनीने ‘कोर्स ऑफ ॲक्शन’ हे साधन मॅकसाठी आणले. पुढे ते ऑथरवेअर याच नावाने ओळखले गेले आणि १९९२ मधील विलीनीकरणातून मॅक्रोमीडिया ही कंपनी उभी राहिली. ज्या पॉवरपॉइंटला आपण विंडोजचेच समजतो, तेही १९८७ मध्ये प्रथम मॅकवरच आले होते.

नव्वदच्या दशकात चित्र पालटले. प्रशिक्षणावर पैसा खर्च करणाऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत विंडोजची यंत्रे होती आणि साधने बनवणारेही तिकडेच वळले. ऑथरवेअरच्या शेवटच्या आवृत्त्यांत तर धडा बनवण्याची सोय फक्त विंडोजवर उरली. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटीच्या केंद्रांमधून तालुक्या-तालुक्यांत संगणक पोहोचला, तोही विंडोजच्या रूपात. आयस्प्रिंगसारखी साधने विंडोजवरील पॉवरपॉइंटच्या आत जोडली जातात आणि २०१२ मध्ये आलेले आर्टिक्युलेट कंपनीचे धडे बांधण्याचे स्टोरीलाइन विंडोजसाठीच लिहिले गेले. ते आजही मॅकवर थेट चालत नाही.

ॲपलने २००६ मध्ये इंटेलचे प्रोसेसर स्वीकारल्यावर बूट कॅम्प (यंत्र सुरू करतानाच विंडोज निवडण्याची सोय) आणि पॅरलल्स (मॅकच्या आतच विंडोज चालवणारे सॉफ्टवेअर) यांच्या आधाराने मॅकवरच विंडोज चालवण्याची वाट मोकळी झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलची स्वतःची, आर्म प्रकारची एम-१ चिप आली आणि त्या यंत्रांवर बूट कॅम्पची सोय राहिली नाही. पॅरलल्समधून विंडोज ११ ची आर्म आवृत्ती चालवण्याला मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली, त्यामुळे स्टोरीलाइनची सक्ती असलेल्या कामासाठी आता हाच व्यवहार्य मार्ग आहे. मात्र यंत्र घेतानाच मेमरी सढळ हाताने घ्यावी लागते, कारण ती नंतर वाढवता येत नाही.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा अध्याय मात्र फ्लॅशचा आहे. १९९६ च्या अखेरीस मॅक्रोमीडियाकडे आलेले, ब्राउझरमध्ये हलती चित्रे आणि संवादी धडे दाखवणारे हे तंत्र पुढची कित्येक वर्षे ई-लर्निंगचा कणा होते. स्टीव्ह जॉब्स यांनी एप्रिल २०१० मध्ये उघड पत्र लिहून आयफोन आणि आयपॅडवर त्याला जागा नाकारली, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याचा अधिकृत आधारही संपला. मेहनतीने घडवलेले असंख्य धडे त्यानंतर ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. ॲपलचे स्वतःचे आयबुक्स ऑथर हे डिजिटल पुस्तके बनवण्याचे साधनही याच वाटेने गेले : २०१२ मध्ये मोठ्या अपेक्षेने आले, २०२० मध्ये थांबले. म्हणून साधन कोणतेही निवडा, पण संहिता, मूळ ध्वनिफिती आणि चित्रे त्या साधनाच्या फाइलीबाहेर स्वतंत्र जपून ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागायतदारांसाठी करपा रोगावरचा धडा लेवा गणबोलीत ध्वनिमुद्रित केला असेल, तर तो आवाज हीच खरी ठेव आहे.

असा कच्चा माल तयार करण्यात मॅक कधीच मागे पडला नाही. स्लाइड बनवण्याचे कीनोट २००३ मध्ये आणि ध्वनिमुद्रणाचे गॅरेजबँड २००४ मध्ये आले; स्क्रीनवरील कृती टिपण्यासाठी २००८ मध्ये स्क्रीनफ्लो आणि पुढच्याच वर्षी कॅमटेझियाची मॅक आवृत्ती आली. धडे बांधण्याच्या ॲडोबी कॅप्टिव्हेटने २०१० मध्ये पाचव्या आवृत्तीपासून मॅकला सामावून घेतले. देवनागरीची वाट मात्र खडतर होती. डीटीपीवाल्यांकडून येणारा मजकूर बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतो आणि तो जसाच्या तसा चिकटवला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि ‘र्‍या’, ‘क्ष’, ‘द्ध्य’ यांसारखी जोडाक्षरे तयार धड्यात डोळ्यांखालून घालावीत.

मॅकवाल्यांची दुसरी अडचण स्कॉर्मच्या पॅकेजची आहे. धडा पूर्ण झाला का, गुण किती मिळाले, हे शिक्षणप्रणालीला कळवणाऱ्या या मानकाची १.२ ही आवृत्ती २००१ ची असून आजही सर्रास चालते. तिच्या झिप फाइलीत मॅनिफेस्ट नावाची (धड्यातील घटकांची यादी असलेली) फाइल अगदी वरच्या पातळीवर असावी लागते. फाइंडरमध्ये (मॅकवर फाइली पाहण्याच्या खिडकीत) संपूर्ण फोल्डर निवडून कॉम्प्रेस केले, की मॅनिफेस्ट एक पायरी आत जाते, शिवाय मॅकच्या स्वतःच्या लपलेल्या फाइली त्यात शिरतात. मग प्रणाली पॅकेज नाकारते आणि दोष धड्याला दिला जातो. फोल्डर उघडून आतील घटक निवडून झिप केल्यास मॅनिफेस्ट वरच्या पातळीवर राहते, आणि टर्मिनलमधून (आज्ञा टाइप करण्याच्या ॲपमधून) ते घटक लपलेल्या फाइली वगळून झिप केल्यास दोन्ही अडचणी सुटतात.

अलीकडे यंत्राचा भेदच पुसट होत आहे. आर्टिक्युलेट ३६० या संचासोबत २०१६ मध्ये आलेले राइज हे धडे बांधण्याचे साधन ब्राउझरमध्ये चालते, तर २०१३ पासून विकसित होत आलेले एचफाइव्हपी हे मुक्त साधन मूडल या मोफत शिक्षणप्रणालीत थेट वापरता येते. एचफाइव्हपीचे धडे इंटरनेटशिवाय रचण्यासाठी लुमी हे मोफत ॲप मॅकवर उपलब्ध आहे. त्यातून स्कॉर्म पॅकेज काढता येते, आणि संपूर्ण धडा एकाच एचटीएमएल फाइलीतही बांधता येतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे नेटवर्क बेभरवशाचे असते, तेथे ही फाइल पेनड्राइव्हवरून शाळेच्या कोणत्याही संगणकावर उघडते.