यूएफा यूथ लीग

यूएफा यूथ लीग ही युरोपातील फुटबॉल क्लबांच्या अकादमींतील १९ वर्षांखालील खेळाडूंची वार्षिक स्पर्धा. युरोपीय फुटबॉल महासंघ (यूएफा) ती २०१३-१४ पासून भरवतो. त्याआधी दोन हंगाम नेक्स्टजेन सिरीज ही खासगी स्पर्धा झाली होती. इंटर मिलान (२०१२) आणि ॲस्टन व्हिला (२०१३) तिचे विजेते. यूएफाची स्पर्धा सुरू होताच ती थांबली. यूथ लीगचा करंडक यूएफाचे माजी अध्यक्ष लेनार्ट योहान्सन यांच्या नावाचा आहे.

वयाचा हिशेब १ जानेवारीपासून होतो. २०२४-२५ साठी १ जानेवारी २००६ रोजी किंवा नंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते. एक वर्षाने मोठे खेळाडूही नोंदवता येतात, पण मोजकेच: २०१७-१८ मध्ये ४० जणांच्या यादीत असे पाच आणि एका सामन्याच्या संघात तीन, अशी मर्यादा होती. इंग्लिश अकादमींना ही तारीख अडचणीची ठरते. तिथे वयोगट सप्टेंबरपासून धरतात. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबरात जन्मलेला मुलगा एरवी ज्यांच्या बरोबरीने खेळतो, त्यांच्यापेक्षा इथे ‘मोठा’ ठरतो. शिवाय त्यांच्या नेहमीच्या लीग १८ आणि २१ वर्षांखालील असल्याने यूथ लीगसाठी दोन्हींतून संघ जमवावा लागतो.

स्पर्धेला दोन दारे आहेत. चॅम्पियन्स लीग या युरोपातील अव्वल क्लबांच्या वरिष्ठ स्पर्धेच्या मुख्य टप्प्यात पोहोचलेल्या क्लबांच्या अकादमींना थेट प्रवेश मिळतो. वरिष्ठ संघ ज्या क्लबाशी खेळणार, त्याच्याच मुलांशी अकादमीचा सामना होतो, बहुधा त्याच दिवशी दुपारी. २०२४-२५ पासून असे ३६ संघ प्रत्येकी सहा सामने खेळतात (वरिष्ठांचे आठ असतात) आणि गुणतक्त्यातले पहिले २२ पुढे जातात. या दाराचा दोष उघड आहे: वरिष्ठ संघ बलाढ्य म्हणून अकादमीही तयारीची असेलच असे नाही.

ती उणीव दुसऱ्या दाराने भरून निघाली. २०१५-१६ पासून देशोदेशींच्या युवा विजेत्यांसाठी वेगळा मार्ग आहे. वरिष्ठ संघ कुठेही असो, युवा गटात देशाचे विजेतेपद मिळवले की जागा मिळते. या मार्गावर घरी आणि बाहेर असे दोन सामने खेळून फेरी पार करावी लागते. आता त्यातून दहा संघ शेवटच्या ३२ मध्ये येतात. स्पर्धेला खरे मोल या सुधारणेनेच आले. मार्को रोझ यांच्या प्रशिक्षणाखालील साल्झबर्गने २०१७ मध्ये याच वाटेने येऊन अंतिम सामन्यात बेन्फिकाला २-१ असे हरवले. २०२३ च्या अंतिम सामन्यातले दोन्ही संघ इथूनच आले होते: एझेड अल्कमारने हायदुक स्प्लिटला ५-० असे नमवले; त्याआधी बार्सिलोना आणि रेआल माद्रिदलाही घरी पाठवले होते. २०२४ मध्ये ऑलिंपियाकोसने एसी मिलानवर ३-० असा विजय मिळवून ग्रीक क्लबाला पहिले यूएफा विजेतेपद दिले; पुढच्याच महिन्यात त्यांच्या वरिष्ठांनी कॉन्फरन्स लीग ही यूएफाची तिसऱ्या स्तरावरील क्लब स्पर्धा जिंकली.

बाद फेरीत एकच सामना असतो. ९० मिनिटांनंतर बरोबरी राहिल्यास जादा वेळ न देता थेट पेनल्टी शूटआउट होतो. दमलेल्या कोवळ्या पायांसाठी हे योग्यच, पण दुबळा संघ बचावाला चिकटून शूटआउटपर्यंत सामना खेचू शकतो. बाद फेरी फेब्रुवारीत सुरू होते, म्हणून पेनल्टीचा सराव त्याआधीच सुरू करावा लागतो. प्रशिक्षकाची दुसरी डोकेदुखी म्हणजे उत्तम खेळाडू ऐनवेळी वरिष्ठ संघात जाणे. जागा भरायला खालच्या वयोगटातून मुलगा घ्यावा लागतो, आणि १६ वर्षांचा खेळाडू १९ वर्षांच्या बचावपटूसमोर धक्काबुक्कीत कमी पडतो. याला अपवाद असतात: डॉर्टमुंडचा युसुफा मुकोको २०१९ मध्ये अवघ्या १४ व्या वर्षी या स्पर्धेत उतरला.

उपांत्य आणि अंतिम सामने बहुतेक वर्षी स्वित्झर्लंडमधील न्यों येथे, यूएफाच्या मुख्यालयासमोरच्या कोलोव्ह्रे मैदानावर झाले. २०२३ चा अंतिम सामना जिनिव्हात झाला. कोविडमुळे २०२०-२१ ची स्पर्धा रद्द करावी लागली. २०१४ च्या पहिल्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाच्या मुनीर एल हद्दादीने बेन्फिकाविरुद्ध स्वतःच्या अर्ध्या भागातून गोल केला आणि त्याच वर्षी तो वरिष्ठ संघात आला. चेल्सीने २०१५ आणि २०१६ असे लागोपाठ करंडक जिंकले, तर बार्सिलोनाने २०१४, २०१८ आणि २०२५ मध्ये.