एकच उंदीर, दोन गणितं: फार्माकॉलॉजी आणि पर्यावरणीय आरोग्यशास्त्र

माझी भाची बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा कोथरूडहून आली ती दोन माहितीपत्रकं घेऊनच. एक एम.फार्म. फार्माकॉलॉजीचं, म्हणजे औषधशास्त्राचं, दुसरं परदेशातल्या पर्यावरणीय आरोग्यशास्त्राच्या पदवीचं, म्हणजे हवा-पाणी-अन्नातून शरीरात जाणाऱ्या पदार्थांचा आरोग्यावरचा परिणाम शिकवणाऱ्या. "मावशी, दोन्हीकडे चयापचय आहे, दोन्हीकडे यकृत आहे, दोन्हीकडे टॉक्सिकॉलॉजीचा, विषशास्त्राचा पेपर आहे. मग फरक नुसता नावाचा का?"

मी फार्माकॉलॉजी शिकवते, आणि हा गोंधळ मला अगदी समजतो, कारण दोन्ही विषयांचा पाया खरोखरच एक आहे. बाहेरचा पदार्थ शरीरात शोषला जातो, पसरतो, यकृतात त्याचं रूप बदलतं आणि तो बाहेर टाकला जातो. मग तो तापाच्या गोळीतला पॅरासिटामॉल असो, नाहीतर स्वारगेटच्या चौकात सिग्नलला थांबल्यावर वाहनांच्या धुरातून नाकात गेलेलं बेन्झीन. यकृतात सीवायपी२ई१ नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृताला घातक अशा रूपात बदलतो त्यात या विकराचा मोठा हात असतो, आणि बेन्झीन रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला बाधू लागतं त्याची सुरुवातही तेच करतं. औषध कुठलं आणि प्रदूषण कुठलं, हे त्याला कळत नाही. अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांत फार्माकॉलॉजी आणि टॉक्सिकॉलॉजी एकाच विभागात शिकवतात ते यामुळेच.

फरक सुरू होतो मात्रेपाशी. फार्माकॉलॉजीत मात्रा आपण देतो. ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. कुणाला, कधी, किती, हे कागदावर असतं, आणि प्रश्न एवढाच उरतो की पुढे काय झालं. पर्यावरणीय आरोग्यशास्त्रात मात्रा कुणीच दिलेली नसते. ती शोधावी लागते, आणि अर्धाअधिक अभ्यास त्या शोधातच जातो. एक्स्पोजर मोजणं म्हणतात ते हेच. भोसरीच्या कारखान्यात आठ तास उभा असलेला कामगार, चुलीपुढे बसणारी बाई, रस्त्याकडेच्या शाळेतलं मूल, यांच्या शरीरात नक्की किती गेलं? हवेतलं यंत्र चौकातली पातळी सांगतं, फुप्फुसातली सांगत नाही.

आता एक गणित. हे समजलं की दोन्ही विषयांचा स्वभावच कळतो. समजा, विस्टार जातीच्या उंदरांना रोज एक पदार्थ दिला आणि शरीराच्या दर किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत काहीही अपाय दिसला नाही. प्रयोग इथे संपला. ही संख्या दोघांच्याही हातात एकाच वेळी पडते.

फार्माकॉलॉजीवाला ती ६.२ ने भागतो, कारण अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे औषध नियामक संस्थेच्या, २००५ च्या मार्गदर्शक सूचनांत उंदरावरून माणसाची मात्रा काढायला हाच आकडा दिला आहे. आले साधारण ८. मग सुरक्षिततेसाठी आणखी १० ने भागायचं, म्हणजे दर किलोला ०.८ मिलिग्रॅम. पहिल्या चाचणीतल्या स्वयंसेवकाला हा पहिला डोस. इथून पुढे हळूहळू वर चढायचं असतं.

पर्यावरणवाला ५० ला थेट १०० ने भागतो. प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी १०, माणसामाणसांतल्या फरकासाठी १०. आले दर किलोला ०.५ मिलिग्रॅम. आकडे जवळजवळ सारखेच दिसतात ना? पण ०.८ ही पहिली पायरी आहे आणि ०.५ हे छत. ते रोजचं आहे, जन्मभराचं आहे, आणि गरोदर बाईपासून डायलिसिसवरच्या आजोबांपर्यंत सगळ्यांसाठी आहे. चाचणीतल्या स्वयंसेवकानं संमतीपत्रावर सही केलेली असते आणि त्याच्याजवळ डॉक्टर बसलेला असतो. नळाचं पाणी पिणाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. माझ्या मते दोन विषयांमधली खरी भिंत या सहीचीच आहे.

म्हणूनच रक्ततपासणीचा कागदही दोघं वेगळा वाचतात. मनोविकारासाठी लिथियमच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातली लिथियमची पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर या पट्ट्यात ठेवतात. खाली गेली तर उपयोग होत नाही, वर गेली तर विषबाधा होते. पट्ट्याला दोन कडा आहेत. शिशाला खालची कडाच नाही, कारण शरीराला त्याचा काडीचाही उपयोग नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेनं २०२१ मध्ये लहान मुलांसाठी ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर हा आकडा ठरवला, पण ती सुरक्षित मर्यादा नव्हे. तिथल्या मुलांत सर्वाधिक शिसं असलेली अडीच टक्के मुलं ओळखण्याची ती खूण आहे. पॅरासिटामॉलचं रक्तातलं प्रमाण दोन-तीन तासांत निम्मं होतं. रक्तातलं शिसं निम्मं व्हायला महिनाभर लागतो, आणि हाडांत जाऊन बसलेलं तर दशकानुदशकं राहतं. भारतात शिसंविरहित पेट्रोल २००० साली सर्वत्र आलं, पण त्याआधी रहदारीच्या रस्त्यांजवळ वाढलेल्यांच्या हाडांत जुन्या पेट्रोलमधल्या शिशाचा अंश अजून असू शकतो.

आणि एकच रेणू दोन्हीकडे सापडतो तेव्हा? डायक्लोफिनॅक घ्या. फार्माकॉलॉजीच्या दृष्टीनं उत्तम वेदनाशामक, गुरांनाही उपयोगी. पण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. तोवर गिधाडांच्या झुंडी जवळपास संपल्या होत्या. गुरावरच्या चाचणीत यातलं काहीच दिसलं नसतं, कारण गाय बरी झाली होती. मला हे उदाहरण वर्गात सांगताना दरवेळी त्रास होतो.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. एम.फार्म. फार्माकॉलॉजी दोन वर्षांचं, चार सत्रांचं. जीपॅट या प्रवेशपरीक्षेत पात्र ठरलात तर शिष्यवृत्तीची वाट मोकळी होते. दुसऱ्या वर्षी प्रबंध असतो आणि प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. एमबीबीएस झालेल्यांसाठी एम.डी. फार्माकॉलॉजी तीन वर्षांची, नीट-पीजीतून. पर्यावरणीय आरोग्याकडे आपल्याकडचे विद्यार्थी बहुधा एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) किंवा पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.तून वळतात. इथे एक सावधगिरी: पर्यावरणशास्त्र म्हणजे पर्यावरणीय आरोग्यशास्त्र नव्हे. पहिल्यात जंगल, नदी, सांडपाणी भरपूर येतं, माणसाचं शरीर कमी. अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रमात एपिडेमिऑलॉजी (रोगांचा प्रसार आणि कारणं), बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याची आकडेवारी) आणि टॉक्सिकॉलॉजी हे तिन्ही पेपर आहेत का, ते पाहा. पुण्यात कामाची जागा मात्र हाकेच्या अंतरावर आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची 'सफर' यंत्रणा हवा मोजते, आणि शिरूर तालुक्यातल्या वढूत केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटर गावागावांतल्या कुटुंबांच्या आरोग्याची वर्षानुवर्षं नोंद ठेवतं. फार्माकॉलॉजीत दिवस प्रयोगशाळेत, प्राणिगृहात जातो. इकडे दिवस लोकांच्या दारात आणि रात्र आकडेवारीत.

भाचीला मी लिथियम आणि शिशाचे दोन आलेख शेजारी काढून दाखवले. लिथियमच्या पट्ट्याकडे तिनं एकदाच पाहिलं. मग दुसऱ्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, "पण मावशी, या मुलाच्या घरात शिसं आलं कुठून?" मी सांगत गेले: कल्हईच्या कथलात मिसळलेलं, जुन्या वाड्याच्या दारावरच्या रंगातलं, हळद पिवळीधमक दिसावी म्हणून घातलेल्या लेड क्रोमेटमधलं. चहा निवून गेला तरी ती वहीत लिहीतच होती.