पाझर नितळ आहे ना?

पानशेतचा विषय निघाला की पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतली जुनी माणसं आजही हात उंच करून पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवतात. १२ जुलै १९६१ ला फुटलेलं ते मातीचं धरण नवंकोरं होतं, काम पुरतं उरकलंही नव्हतं. विमोचकाच्या, म्हणजे धरणातलं पाणी बाहेर सोडायच्या, नळावरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी पाणी माथ्यावरून गेलंच. दगडी भिंत असा मारा काही काळ सोसते. माती वाहून जाते.

जुन्या मातीच्या धरणाचं दुखणं मात्र बरेचदा पोटातलं असतं. मधे चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचं कवच, गाभ्यामागे वाळूचा गाळणथर, पायथ्याशी चर. गाभ्यातून थोडं पाणी झिरपणारच, हे धरूनच धरण बांधतात. वाळूने पाणी जाऊ द्यायचं आणि मातीचा कण अडवायचा. गाळणथर जिथे कमी पडतो, तिथे पाण्याबरोबर पहिला कण सुटतो, मग त्यामागचा. पोकळी पायथ्याकडून जलाशयाच्या दिशेने उलटी सरकत जाते आणि वरून काहीच दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात पुरंदरकडच्या एका जुन्या सिंचन तलावावर जाणं झालं. तिथले चौकीदार काका पायथ्याच्या चरातलं पाणी काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरत होते. म्हणाले, "ताई, धरण पाझरणारच. पाणी माती घेऊन येतंय का, तेवढं बघायचं."

चराच्या तोंडाशी इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला पत्रा बसवलेला होता. काटकोनी खाचेतून पाणी ५ सेंटिमीटर उंचीने वाहत असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास जातं; उंची १० झाली की साडेचार लिटरच्या जवळ. उंची दुप्पट, पाणी साडेपाचपटीहून जास्त! म्हणून पट्टीवरचा एकेक सेंटिमीटर मोलाचा. तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढला तर धोका. एकाएकी घटला तरी निर्धास्त राहू नये; चर तुंबला असेल आणि पाणी दुसरीकडे वाट शोधत असेल.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची केली, हे फार चांगलं झालं. पण भर पावसात रोज पायथ्याशी उभं राहणारं माणूस हवं, असं मला ठामपणे वाटतं.

त्या तलावाच्या उतारावर बाभळी माजल्या होत्या. झाड मेलं की मुळं कुजतात आणि भरावात नळ्या उरतात. उंदीर-घुशींची बिळं त्यात भर घालतात. शिवाय झुडपांखाली ओल आली तर दिसणार कशी? काका कोयता घेऊन जमेल तेवढा उतार मोकळा करत होते, एकटेच.