संगमरवरामागची पोकळी

व्हेनिसमधलं सांता मारिया देई मिराकोली हे चर्च आतून-बाहेरून संगमरवरी दिसतं. खरं तर ते विटांचं आहे. संगमरवर म्हणजे वरून लावलेल्या पातळ लाद्या. नवसाला पावणारं म्हणून गाजलेलं मेरीचं एक चित्र ठेवण्यासाठी शिल्पकार-वास्तुकार पिएत्रो लोम्बार्दोने ते १४८१ ते १४८९ या काळात बांधलं. चर्चची एक बाजू थेट कालव्यात उतरते, आणि कालव्याचं पाणी खारं.

वीट पाणी शोषून वर चढवते. म्हणून व्हेनिसचे गवंडी पायाशी इस्ट्रियाचा (एड्रियाटिक समुद्रातलं एक द्वीपकल्प) घट्ट चुनखडक घालत. समुद्राची पातळी वाढली, लाटा या दगडाच्या वर पोहोचल्या की वरची वीट खारं पाणी ओढू लागते. लोम्बार्दोने लाद्या विटेला चिकटवल्या नव्हत्या, मागे पोकळी ठेवली होती. ओल त्या पोकळीत सुकायची, लोणा विटेवरच धरायचा, संगमरवर कोरडा राहायचा.

एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत लाद्या सिमेंटने बसवल्या आणि ही पोकळी बुजली. हेतू चांगला होता, पण नुकसान त्यानेच केलं. आता ओलीला बाहेर पडायला लादीतूनच वाट उरली. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक धरतं. दर खेपेला स्फटिक छिद्रांच्या भिंती रेटतात. शेवटी लादीवर बोट फिरवलं तरी पिठीसाखरेसारखे कण सुटतात.

विसाव्या शतकाच्या शेवटी तपासणी झाली तेव्हा लाद्यांत क्षारांचं प्रमाण १४ टक्के निघालं. ताज्या संगमरवरात छिद्रं जेमतेम एखादा टक्का असतात. एवढं मीठ मावलं, म्हणजे दगड आतून केव्हाच उसवला होता.

वरून धुऊन यात काही साधत नाही; पाणी मीठ आणखी आत नेतं. म्हणून 'सेव्ह व्हेनिस' संस्थेच्या कामात लाद्या उतरवून स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवल्या. नळाच्या पाण्यात स्वतःचेच क्षार असतात. शिवाय बाहेरचं पाणी जितकं निर्मळ, तितकं आतलं मीठ ओढीने बाहेर येतं. अशा कामात पाण्याची विद्युतवाहकता (मीठ उतरेल तशी ती वाढते) मोजत राहायची, ती वाढली की पाणी बदलायचं, आणि आकडा हलेनासा झाला की लादी काढून सावकाश सुकवायची. दोन वर्षांचं धरलेलं हे काम १९९७ मध्ये संपलं, तोवर दहा वर्षं लोटली होती.