जोड कार्ब्युरेटर : निवड आणि बसवणी

एकाच इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवणारे, एकाच जातीचे आणि एकाच मापाचे दोन कार्ब्युरेटर म्हणजे जोड कार्ब्युरेटर. इंजेक्शन येण्याआधीच्या वेगवान मोटारींत हीच प्रमुख पद्धत होती. जग्वार एक्सके १२० ला १¾ इंची दोन एसयू कार्ब्युरेटर, १९६२ च्या एमजीबीला १½ इंची दोन एसयू एचएस४, तर अल्फा रोमिओ १७५० ला दोन वेबर ४० डीसीओई असत. ठाणे आणि नवी मुंबईत अशी गाडी बाळगणाऱ्याला जोडी बदलताना इंजिनाच्या गणिताबरोबर इथली दमट हवा, घोडबंदर रोडची कोंडी आणि पंपावरचे इथेनॉलमिश्रित पेट्रोलही हिशेबात घ्यावे लागते.

एसयू आणि वेबर ही दोन घराणी मुळात वेगळी आहेत. एसयूमध्ये हवेच्या ओढीने एक पिस्टन वर उचलला जातो आणि त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, किती पेट्रोल जायचे ते ठरवते. चार सिलिंडरच्या इंजिनात एक एसयू दोन सिलिंडर सांभाळतो. वेबर डीसीओई आडवा आणि दोन नळ्यांचा, म्हणून दोन वेबर म्हणजे चार नळ्या, प्रत्येक सिलिंडरला आपली स्वतंत्र वाट. शब्दांचा एक घोळ इथेच मिटवलेला बरा. गॅरेजमध्ये ‘चोक’ म्हणजे थंड इंजिन सुरू करायची सोय; वेबरच्या तक्त्यातला ‘चोक’ म्हणजे व्हेंच्युरी, नळीतला अरुंद गळा.

आधी जुनी जोडी तपासावी. बदलायला आणलेल्या एसयूंपैकी पुष्कळ दुरुस्त होण्याजोगे असतात. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची चाल, कधी ९०० आरपीएम, कधी १३०० असे भटकत असेल तर इंजिन चालू ठेवून थ्रॉटल स्पिंडलच्या (थ्रॉटलची पाती फिरवणाऱ्या दांडीच्या) टोकांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला की तिथून हवा ओढली जाते आहे. एचएस४ चा स्पिंडल ५/१६ इंची असतो. वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या लेथवर बॉडी रीम करून नवे बुश ठोकता येतात. मात्र रीमर दोन्ही टोकांतून एकाच वेळी, एका रेषेत जायला हवा. बुश किंचित तिरके बसले तरी बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलची गोल पाती, अडकतो आणि पाय काढल्यावरही गाडी धावत राहते. वरच्या घुमटाची चाचणी सोपी : हवेची छिद्रे बंद करून, पिस्टन धरून घुमट उलटा सोडला तर १½ इंची एसयूत तो ५ ते ७ सेकंदांत उतरावा. धाडकन पडला तर पिस्टन-घुमटाची जोडी झिजली आहे किंवा अदलाबदल झालेली आहे. दुरुस्तीनंतर जेट वरच्या टोकापासून दोन पूर्ण फेरे खाली घेऊन सुरुवात करावी, घुमटावरच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनची उसळी आवरणाऱ्या नळीत) एसएई २० तेल घालावे.

एमजीबीच्या बी-सिरीज हेडला दोन सिलिंडरमागे एकच इनटेक पोर्ट, म्हणजे मिश्रण आत जाण्याची वाट, आहे. त्यावर दोन वेबर लावून काही मिळत नाही. एक ४५ डीसीओई किंवा मूळचे दोन एसयू, एवढेच पर्याय शहाणपणाचे.

माप. सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो. ४० आणि ४५ हे आकडे थ्रॉटलच्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. इंजिनाला जाणवतो तो व्हेंच्युरीचा गळा. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी असेल तर सूत्र असे : एका सिलिंडरचे आकारमान लिटरमध्ये घ्यावे, कमाल शक्ती ज्या आरपीएमला मिळते त्याला हजाराने भागून त्याने गुणावे, वर्गमूळ काढावे आणि २० ने गुणावे. अल्फा १७५० चे इंजिन १७७९ सीसी, म्हणजे सिलिंडरमागे ०.४४५ लिटर, ५५०० आरपीएमला उत्तर येते ३१.३, म्हणून ३२ ची व्हेंच्युरी. ४० डीसीओईत साधारण ३६ पर्यंतची बसते, म्हणजे ४० मध्येही जागा उरते. हेच गणित पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनावर ६००० आरपीएम धरून मांडले तर २५.६ येते. अशा इंजिनावर ४५ ची जोडी म्हणजे लहान मुलाच्या पायात बापाची चप्पल : गळ्यातून हवा इतकी संथ जाते की पेट्रोल ओढलेच जात नाही. ३००० च्या खाली गाडी गचके देते आणि तीन हात नाक्याच्या सिग्नलवर क्लच जळतो. दोन मापांमध्ये अडल्यास लहान घ्यावे.

सुरुवातीचे जेट ठरवायला मुख्य जेट = व्हेंच्युरी गुणिले ४ आणि एअर जेट = मुख्य जेट अधिक ५०, हा ठोकताळा चांगला चालतो. ३२ च्या व्हेंच्युरीला १३० आणि १८०; जेटचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारी इमल्शन ट्यूब सिलिंडरच्या आकारानुसार निवडतात : २५० ते ३२५ सीसीला एफ११, ३५० ते ४७५ ला एफ९ किंवा एफ१६, ४५० ते ५७५ ला एफ२. यातून गाडी सुरू होऊन चालण्याइतकी जुळणी होते. पुढचे काम प्लगचा रंग आणि लॅम्डा मीटर (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारे यंत्र) पाहून करायचे.

इथेनॉल. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, सुमारे १३.५. जेट तोच ठेवला तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. जेटमधला प्रवाह छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून, त्यामुळे व्यास चारेक टक्के वाढवला की भागते : १३० च्या जागी १३५. जुन्या पुस्तकातले जेट जसेच्या तसे लावले तर भर वेगात पिस्टन तापतो, आणि हे नुकसान आवाज करून येत नाही. साध्या रबराचे पाइप इथेनॉलने फुगतात, चिरतात; इंधनाचा पाइप एसएई जे३० आर९ दर्जाचा आणि सील व्हिटॉनचे घ्यावेत. पावसाळ्यात अर्धी टाकी दोन महिने तशीच ठेवली तर इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, ते तळाशी वेगळे होते आणि कार्ब्युरेटरच्या कटोरीत (पेट्रोल साठवणाऱ्या भांड्यात) पांढरी बुरशीसारखी पूड साचते. जूनमध्ये गाडी झाकून ठेवायची असेल तर कटोऱ्या रिकाम्या कराव्यात.

वापरलेली जोडी घेताना झाकणाजवळ कोरलेला पूर्ण क्रमांक दोन्हींवर सारखा आहे का पाहावे. ४० डीसीओई १८ आणि ४० डीसीओई ३१ बाहेरून जुळे भाऊ वाटतात, पण थ्रॉटल किंचित उघडताच पेट्रोल देणारी प्रोग्रेशनची छिद्रे वेगवेगळी असतात आणि अशी जोडी पाम बीच मार्गावर ६० च्या संथ वेगात कधीच एकसारखी चालत नाही. मग थ्रॉटल बंद करून मागून टॉर्च धरावा. दोन्ही बटरफ्लायभोवती प्रकाशाची कड सारखीच बारीक दिसली पाहिजे. एकाभोवती काळोख आणि दुसऱ्याभोवती चंद्रकोर दिसली तर स्पिंडल पिळलेला आहे. तो सरळ होत नाही, बदलावाच लागतो. जेटवरचा आकडा वाचला म्हणून विश्वास ठेवू नये. तारेने किंवा टाचणीने छिद्र ‘साफ’ करण्याची सवय जुनी आहे, १३० लिहिलेला जेट प्रत्यक्षात १४० निघतो. पिन गेजने मोजून घ्यावा. बोलोन्यातला वेबरचा कारखाना बंद झाल्यावर उत्पादन स्पेनला गेले. स्पॅनिश जोडीत कमीपणा काही नाही, उलट नवी मिळत असेल तर झिजलेल्या इटालियनपेक्षा बरी. नकलांचे तसे नाही. त्यांच्या ओतकामात भोके असतात आणि दोन नळ्यांतला प्रवाहच जुळत नाही.

बसवणी. वेबर मॅनिफोल्डला (इंजिनाकडे मिश्रण नेणाऱ्या नळकांड्याला) घट्ट आवळणे ही नेहमीची चूक. चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर कटोरीतल्या पेट्रोलला फेस आणते आणि ठराविक आरपीएमला गाडी मिसिंग मारते. लोक मग प्लग आणि कॉइल बदलत बसतात. मध्ये ओ-रिंगच्या लवचीक प्लेट, नटखाली दुहेरी स्प्रिंग वॉशर आणि त्यांच्या वेटोळ्यांत सुमारे १ मिमी फट हवी. हाताने धरून हलवला तर कार्ब्युरेटर किंचित डुलला पाहिजे. कटोरीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची : पितळी फ्लोटची झाकणाच्या पॅकिंगपासून ८.५ मिमी, प्लास्टिकच्या फ्लोटची १२ मिमी. मोजताना झाकण उभे धरावे आणि फ्लोटने मिटणाऱ्या, पेट्रोल अडवणाऱ्या सुईची स्प्रिंगवरची गोळी दबू देऊ नये.

पेट्रोलचा दाब ३.५ पीएसआयच्या वर गेला की सुई हरते आणि पेट्रोल नळीतून सांडते. बाजारातले पुष्कळ इलेक्ट्रिक पंप याहून जास्त दाब देतात, तेव्हा रेग्युलेटर लावावाच. गायमुख घाटात उतारावर वीस मिनिटे अडकले की एक्झॉस्टची आच कटोऱ्या उकळवते. खाली ॲल्युमिनियमची उष्णता-ढाल आणि मॅनिफोल्डपाशी बेकेलाइटचा स्पेसर यांनी बराच फरक पडतो. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्युम एकाच सिलिंडरच्या वाटेतून घेतला तर तोच सिलिंडर पातळ चालतो. चारही वाटा बारीक नळीने जोडून तिथून घ्यावा.

दोन्ही कार्ब्युरेटर एकत्र आणण्यासाठी सिंक्रोमीटर (हवेचा प्रवाह मोजणारे साधन) एकेका नळीच्या तोंडावर दाबून धरतात आणि काटा सारखा येईपर्यंत मधला स्क्रू फिरवतात. ही जुळणी टॅपेट आणि टायमिंग बरोबर झाल्यावरच. मिश्रणाचा स्क्रू जुन्या जाड आट्यांच्या वेबरवर साधारण पाऊण फेरा, नव्या बारीक आट्यांच्या प्रकारावर अडीच फेरे उघडून सुरुवात होते. पीयूसी चाचणी आयडलिंगलाच होते. भारत स्टेज दोनपूर्वीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमची मर्यादा आहे, म्हणजे पास-नापास मुख्य जेटवर नव्हे, आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या आयडल जेटवर ठरते.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ रूपात असणे आणि इंजिनात मोठा फेरफार नसणे ही अट आहे. एसयू काढून वेबर लावणार असाल तर जुने एसयू, त्यांचे मॅनिफोल्ड, लिंकेज आणि एअर फिल्टर तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कोणता पुढचा आणि कोणता मागचा याची चिठ्ठी लावून ठेवावेत.